ग्लॉक १९ ची रिकॉइल स्प्रिंग कधी आणि कशी बदलायची

अमेरिकेत रेंजवर जाणाऱ्या आपल्या लोकांपैकी बरेच जण पहिलं पिस्तूल म्हणून ग्लॉक १९ घेतात. ते पुसतात, तेल देतात, पेटीत ठेवतात. पण आतली रिकॉइल स्प्रिंग बदलायची असते हे कुणी सांगेपर्यंत त्यांच्या गावीही नसतं. ही स्प्रिंग झिजणारी वस्तू आहे. तीसएक डॉलरच्या आत मिळते आणि बदलायला कसलंही अवजार लागत नाही. हाताला सवय असेल तर दोन मिनिटांचं काम. मात्र त्या दोन मिनिटांच्या आधी आणि नंतर जे करायचं असतं ते जास्त महत्त्वाचं, म्हणून लेखातली बरीचशी जागा त्यालाच दिली आहे.

ही स्प्रिंग करते काय

गोळी सुटली की नळी आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) एकमेकींत अडकलेल्या अवस्थेत दोन-तीन मिलिमीटर मागे येतात. मग नळीची मागची बाजू खाली झुकते, कुलूप सुटतं आणि स्लाइड एकटीच मागे जाते. जाता जाता रिकामी पुंगळी बाहेर फेकते. हे सगळं होत असताना नळीखालची रिकॉइल स्प्रिंग दबत जाते. स्लाइड मागे टेकली की हीच स्प्रिंग तिला पुढे ढकलते. पुढे येणारी स्लाइड मॅगझीनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या घरात) सारते आणि नळीला पुन्हा कुलूप घालते. म्हणजे एकाच स्प्रिंगकडे दोन कामं आहेत: मागे येणाऱ्या स्लाइडचा जोर कमी करणं आणि तिला पूर्ण पुढे नेऊन बसवणं.

लहान पिस्तुलात हे जास्त अवघड जातं. ग्लॉक १७ ची नळी ११४ मिलिमीटर, १९ ची १०२. स्लाइड आखूड आणि वजनाला हलकी, काडतूस मात्र तेच. त्यामुळे कमी जागेत तेवढाच धक्का सोसायचा, म्हणून स्प्रिंग जास्त ताठ लागते आणि प्रत्येक फैरीला ती जवळजवळ पूर्ण दबते. झिजते ती यानेच. स्लाइड मागे अडकवून पिस्तूल आठवडाभर पेटीत ठेवल्याने स्प्रिंग ‘बसते’ अशी भीती बऱ्याच जणांना असते. चांगल्या पोलादाच्या स्प्रिंगला त्याने फारसं काही होत नाही. तिचं आयुष्य जातं ते पुन्हा पुन्हा दबण्या-सुटण्यात.

१९ हे मॉडेल १९८८ मध्ये आलं. जेन ३ पर्यंत (जेन म्हणजे जनरेशन, पिढी) त्यात एकच स्प्रिंग आणि तिच्या आतून जाणारा प्लास्टिकचा दांडा, म्हणजे गाइड रॉड असायचा. आणखी छोट्या २६ मध्ये मात्र एकात एक बसवलेल्या दोन स्प्रिंगा पहिल्यापासून होत्या. २०१० मध्ये जेन ४ आली तेव्हा दुहेरी स्प्रिंगची ही रचना १७ आणि १९ लाही मिळाली, आणि २०१७ च्या जेन ५ मध्येही ती तशीच राहिली. दुहेरी स्प्रिंग जास्त टिकते. पण तिच्यामुळे सगळंच सुरळीत झालं असंही नाही. जेन ४ च्या सुरुवातीच्या पिस्तुलांत, विशेषतः हलक्या काडतुसांवर, पुंगळ्या अडकण्याच्या तक्रारी आल्या आणि २०११ मध्ये कंपनीने स्प्रिंगा फुकट बदलून दिल्या. जुनं जेन ४ पिस्तूल कुणाकडून वापरलेलं घेत असाल तर त्याची स्प्रिंग बदललेली आहे का, एवढं नक्की विचारा. उत्तर ‘माहीत नाही’ आलं तर नवी टाका.

कधी बदलायची

जेन ३ च्या एकेरी स्प्रिंगसाठी साधारण ३००० फैरी आणि जेन ४-५ च्या दुहेरी स्प्रिंगसाठी साधारण ५००० हा आकडा बंदूक दुरुस्त करणारे जाणकार सांगतात. सिग पी३६५ सारख्या आणखी छोट्या पिस्तुलाला २५०० धरतात. आखूड नळीच्या १९११ पिस्तुलांत तर हजाराच्या आसपासच बदलायची पाळी येते. हे आकडे कॅलेंडरसारखे पाळायचे नाहीत, पण त्यांच्या फार पुढेही जायचं नाही. काडतुसांवरही थोडं अवलंबून असतं. साध्या ९ मिमी काडतुसाचा कमाल दाब ३५,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) असतो, ‘प्लस पी’ लिहिलेल्याचा ३८,५००. तुम्ही सतत प्लस पी झाडत असाल तर पाचशे-हजार फैरी अलीकडेच बदला.

त्यासाठी फैरींची नोंद हवी. रेंजच्या पिशवीत छोटी वही ठेवा आणि घरी येण्याआधी तारीख आणि किती खोकी संपली ते लिहा. खोक्यात ५० काडतुसं असतात, त्यामुळे हिशेब तोंडीही जमतो. मोबाइलवर नोंदी करणारेही आहेत. माझ्या मते वही बरी, कारण पिस्तूल विकलं तर ती त्याच्याबरोबर देता येते.

झीज आधी हाताला आणि डोळ्याला कळते. स्लाइड पूर्वीपेक्षा सहज मागे येते. पुंगळ्या आधी पाच-सहा फुटांवर पडायच्या, त्या आता शेजारच्या लेनमध्ये जाऊन पडतात. कधी स्लाइड पूर्ण पुढे येत नाही, एक-दोन मिलिमीटर मागेच राहते आणि ट्रिगर दाबला तरी काही होत नाही. धक्का जास्त तीक्ष्ण वाटायला लागतो, कारण स्लाइड फ्रेमवर (मूठ असलेल्या खालच्या भागावर) जोरात आदळते. शेवटचं लक्षण दिसेपर्यंत थांबू नका. तोपर्यंत स्प्रिंग बरीच आधी संपलेली असते.

काय हवं आणि काय नको

हवी ती फक्त तुमच्या मॉडेलची आणि पिढीची कंपनीची स्प्रिंग असेंब्ली, म्हणजे गाइड रॉडवर बसवलेली स्प्रिंग. जेन ३ ची जेन ४ मध्ये बसत नाही. जेन ४ आणि ५ च्या १९ साठी एकच असेंब्ली चालते. पिढी पिस्तुलावरच लिहिलेली असते: जेन ४ च्या आणि ५ च्या स्लाइडवर मॉडेलच्या आकड्यापुढे ‘जेन ४’ किंवा ‘जेन ५’ कोरलेलं दिसतं. काहीच लिहिलेलं नसेल आणि मूठ बोटांच्या खाचांची असेल तर ती बहुधा जेन ३.

बाजारात पोलादी गाइड रॉड आणि वेगवेगळ्या ताकदीच्या स्प्रिंगा मिळतात. जेन ३ च्या १९ ची मूळ स्प्रिंग सुमारे १८ पौंडांची. कुणी सांगतं १५ ची टाक, धक्का कमी लागेल. स्पर्धेत एकाच हलक्या काडतुसावर नेम धरणाऱ्याला ते जमतं. स्वसंरक्षणासाठी ठेवलेल्या पिस्तुलात हे करू नका. ग्लॉकमध्ये फायरिंग पिनची (काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या पिनची) स्प्रिंग आणि रिकॉइल स्प्रिंग एकमेकींच्या विरुद्ध ओढत असतात. रिकॉइल स्प्रिंग फार हलकी असेल तर ट्रिगर ओढताना स्लाइडच किंचित मागे सरकू शकते. उलट फार ताठ स्प्रिंग टाकली की हलक्या काडतुसाने स्लाइड पुरती मागे येत नाही, पुंगळी चिमटीत अडकते आणि शेवटच्या फैरीनंतर स्लाइड मागे थांबत नाही. कारखान्यात जी स्प्रिंग बसवून आली तीच परत आणा.

याखेरीज नीट प्रकाश, डोळ्यांवर चष्मा, जुना टॉवेल, थोडं बंदुकीचं तेल आणि कापडाचे तुकडे. जेवणाच्या टेबलावर हे काम करू नका. पिस्तुलातल्या काजळीत शिसं असतं. गॅरेजमधलं टेबल घ्या, लहान मुलांना बाहेर ठेवा आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवा.

रिकामं करणं

सगळ्या कामात धोका असेल तर तो याच पायरीवर. ग्लॉक उघडण्यासाठी ट्रिगर दाबावाच लागतो. चेंबरमध्ये काडतूस राहिलं आणि ट्रिगर दाबला तर ते सुटणारच. पिस्तूल पुसताना गोळी सुटली, असं जे आपण वाचतो त्यातले कितीतरी प्रसंग नेमके इथले असतात.

काम सुरू करण्याआधी काडतुसं आणि भरलेली मॅगझीन दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. पिस्तुलाचं तोंड अशा भिंतीकडे करा जिच्यामागे कुणी नाही. बेसमेंटची काँक्रीटची भिंत उत्तम. लाकडी भिंत गोळी थांबवत नाही, आणि अमेरिकेत घरांच्या भिंती बहुतेक त्याच असतात. आता क्रम असा:

आधी मॅगझीन काढा. मगच स्लाइड मागे ओढा. उलट केलंत तर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं आणि स्लाइड पुढे येताना मॅगझीनमधलं दुसरं आत जातं. ही चूक नवख्यांच्या हातून हमखास होते. स्लाइड मागे अडकवा. चेंबरमध्ये डोळ्याने बघा. करंगळीने चाचपा. मॅगझीनच्या खाचेतही बघा. दुसऱ्याकडून एकदा बघून घ्या, कुणी हजर असेल तर. मग स्लाइड पुढे सोडा आणि भिंतीकडे तोंड ठेवून ट्रिगर दाबा. ‘टिक’ असा आवाज येईल.

उघडणं

उजव्या हाताने स्लाइड वरून धरा. चार बोटं वर, अंगठा मुठीच्या मागच्या बाजूला. स्लाइड फक्त दोन-तीन मिलिमीटर मागे ओढा. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने ट्रिगरच्या वर दोन्ही बाजूंना असलेल्या छोट्या खडबडीत कळा खाली ओढा. त्या एकाच पट्टीची दोन टोकं आहेत, म्हणून दोन्ही एकदम खाली जायला हव्यात. कळा खाली धरून स्लाइड पुढे सरकवा, ती सरळ निघून येईल.

पहिल्यांदा करताना बहुतेक जण स्लाइड जास्त मागे ओढतात. मग ट्रिगर पुन्हा पुढे येऊन बसतो आणि स्लाइड निघत नाही. तसं झालं तर जोर लावू नका. पुन्हा चेंबर तपासा, पुन्हा ट्रिगर दाबा आणि पुन्हा थोडंसंच ओढा. ‘आत्ताच तर बघितलं होतं’ असं म्हणून ती तपासणी टाळू नका.

जुनी काढणं, नवी बसवणं

स्लाइड उलटी करून टॉवेलवर ठेवा. नळीखाली असेंब्ली दिसेल. मागची रुंद चकती नळीच्या खालच्या पायाला टेकलेली असते. चकती पुढे, म्हणजे स्लाइडच्या तोंडाकडे, किंचित ढकला आणि वर उचला. स्प्रिंग ताणाखाली असते, त्यामुळे तोंड तिच्या सरळ रेषेत आणू नका. चष्मा यासाठीच लावायचा. ग्लॉकची असेंब्ली बंद असते, ती उघडायची किंवा सुटी करायची नाही. १९११ सारख्या पिस्तुलात मात्र पुढचं टोपण सुटून छताला जाऊन लागतं. ते पिस्तूल असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याचीच पुस्तिका उघडा.

नळीही काढून घ्या, पुसायची संधी आहे. जुनी असेंब्ली नव्याशेजारी ठेवून बघा. चकतीच्या कडेला तडा, रॉडच्या टोकाला ओरखडे, वळ्यांमधलं अंतर कुठे जास्त कुठे कमी, असं काही दिसलं तर ते कशामुळे झालं ते शोधा. नुसती बसलेली जुनी स्प्रिंग डोळ्याला नव्यासारखीच दिसू शकते, म्हणून दिसण्यावरून ‘अजून चालेल’ असं ठरवू नका. स्लाइडचे खोबणे, नळीचा पाया आणि स्लाइडच्या पुढच्या भोकातली काजळी पुसून घ्या.

नळी परत बसवा. नव्या असेंब्लीचं बारीक टोक स्लाइडच्या पुढच्या भोकात घाला, थोडं दाबा आणि मागची चकती नळीच्या पायावरच्या अर्धचंद्राकृती खाचेत बसवा. ही खाच नीट बघा. चकती खाचेत पूर्ण न बसता वरच्या कडेवर राहिली तर असेंब्ली तिरकी होते आणि स्लाइड फ्रेमवर चढताना मध्येच अडकते. बरोबर बसली की बाजूने बघितल्यावर रॉड नळीला समांतर दिसतो आणि स्लाइडच्या तोंडाकडून बघितल्यावर त्याचं टोक भोकाच्या मधोमध असतं.

तेल थोडंच. नळीच्या बाहेरून, स्लाइडच्या खोबण्यांत आणि फ्रेमच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात ट्रिगरची लांब पट्टी (ट्रिगर बार) जिथे कनेक्टर नावाच्या छोट्या पट्टीला घासते तिथे एकेक थेंब. फायरिंग पिनच्या वाटेत तेल घालायचं नाही. तिथे साठलेलं तेल काजळी धरतं. स्प्रिंग कोरडी राहिली तरी चालते.

फ्रेमवर चार छोट्या पोलादी पट्ट्या आहेत. स्लाइडच्या खोबण्या त्यांच्याशी जुळवा, मागे सरकवा आणि पूर्ण मागे ओढून सोडा. कळा वर येऊन बसल्या आहेत का ते बोटाने चाचपा.

घरीच करायची तपासणी

काडतुसं अजून दुसऱ्याच खोलीत आहेत. पिस्तूल रिकामं आहे हे पुन्हा बघा.

रिकामं मॅगझीन घालून स्लाइड ओढा. ती मागे थांबली पाहिजे. मॅगझीन काढा, स्लाइड सोडा, सुरक्षित दिशेने ट्रिगर दाबा आणि दाबूनच ठेवा. तसाच दाबलेला असताना स्लाइड एकदा मागे ओढून सोडा. आता ट्रिगर हळूहळू सैल करा. एका ठिकाणी ‘टक’ असं जाणवेल. तिथून पुन्हा दाबला की पिन सुटली पाहिजे. ट्रिगरच्या मधोमध असलेली पातळ पट्टी न दाबता फक्त कडेने ट्रिगर ढकलून बघा, तो हलता कामा नये.

मग स्प्रिंगची परीक्षा. ट्रिगर दाबून धरा आणि पिस्तुलाचं तोंड सुमारे ४५ अंशांत वर करा. स्लाइड पूर्ण मागे ओढा आणि हातानेच हळूहळू पुढे जाऊ द्या, एकदम सोडू नका. स्प्रिंगने स्लाइड शेवटपर्यंत नेऊन बसवली तर ठीक. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर राहिले तर स्प्रिंगमध्ये जोर नाही. ट्रिगर दाबलेला असताना फायरिंग पिनच्या स्प्रिंगचा ताण उलट बाजूने लागतो, म्हणून ही परीक्षा कडक असते. नवी स्प्रिंग यात सहज उतरते. जुनी टाकून देण्याआधी तीही एकदा घालून बघा. फरक हाताला लगेच कळेल आणि पुढच्या वेळी आपली स्प्रिंग कुठवर आली आहे ते तुम्ही स्वतः ओळखाल.

ही परीक्षा दर तीन-चार महिन्यांनी करायला हरकत नाही.

जुनी असेंब्ली पेटीत ‘जादा’ म्हणून जपून ठेवू नका. महिनाभराने कोणती जुनी आणि कोणती नवी हे कळत नाही. सरळ कचऱ्यात टाका. नव्याच्या चकतीवर बारीक मार्करने महिना-वर्ष लिहा आणि वहीत फैरींचा आकडा शून्यावर आणा.

रेंजवर

आधी मॅगझीनमध्ये एकच काडतूस. झाडल्यावर स्लाइड मागे थांबली पाहिजे. मग दोन, मग तीन, मग पूर्ण मॅगझीन. १९ चं मूळ मॅगझीन १५ चं, पण न्यू जर्सी, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत १० चीच मर्यादा आहे. पहिल्या पन्नासेक फैरींना स्लाइड थोडी ताठ वाटेल, ते नैसर्गिक आहे. घरात ठेवता ती काडतुसंही थोडी झाडून बघा. नुसत्या स्वस्त ११५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) सराव-काडतुसांवर पिस्तूल चाललं म्हणून दुसऱ्यावर चालेलच असं नाही.

पुंगळी अडकली तर आधी पकड बघा. मनगट सैल असलं की फ्रेमही स्लाइडबरोबर मागे जाते, स्लाइड पुरती मागे येत नाही आणि दोष स्प्रिंगच्या माथी मारला जातो. शेजारच्या अनुभवी नेमबाजाला त्याच पिस्तुलातून एक मॅगझीन झाडायला सांगा. त्याच्या हातात अडकत नसेल तर उत्तर मिळालं. त्याच्याही हातात अडकत असेल तर मॅगझीनच्या तळावर मार्करने आकडे घाला आणि कोणत्या मॅगझीनला त्रास होतो ते टिपा. एकाच मॅगझीनला होत असेल तर त्याची स्प्रिंग बदला. सगळ्यांना होत असेल आणि काडतुसं बदलूनही तेच असेल तर स्वतः आणखी काही उघडू नका. जवळच्या प्रमाणित आर्मररकडे (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे) न्या किंवा जॉर्जियातल्या स्मर्नाच्या कंपनी कार्यालयाला आधी फोन करून मगच पाठवा.

भारतात जाताना

अमेरिकेत केंद्रीय कायद्याने ‘बंदूक’ मानली जाते ती अनुक्रमांक असलेली फ्रेम. स्प्रिंग घ्यायला कागदपत्रं लागत नाहीत. भारतात तसं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात, शिवाय ९ मिमी हा सामान्य परवानाधारकासाठी निषिद्ध बोअर (नळीचा व्यास) आहे. पुण्यातल्या काकांच्या .३२ पिस्तुलाला कामी येईल म्हणून किंवा नजरचुकीने रेंजच्या पिशवीत राहिली म्हणून स्प्रिंग मुंबईच्या विमानतळावर सापडली तर समजावत बसावं लागेल. अमेरिकेतून बंदुकीचे भाग बाहेर नेण्यावरही निर्यातीचे नियम आहेत. रेंजची पिशवी प्रवासाला वापरूच नका. आणि काकांच्या पिस्तुलाची स्प्रिंग काकांनी तिथल्याच परवानाधारक शस्त्र-विक्रेत्याकडून बदलून घ्यावी.